दाणे टाकणं सोपं असतं

आमच्या सोसायटीच्या फलकावर रविवारच्या सभेची नोटीस लागली आहे. विषय क्रमांक चार, 'मागील बाजूचे जांभळाचे झाड काढून त्या जागी दुचाकींसाठी पार्किंग करणे.' विषय क्रमांक पाच, 'कबुतरांच्या उपद्रवाबाबत उपाययोजना करणे.' भाजी घेऊन जिना चढता चढता मी ती नोटीस वाचली आणि पिशवी खाली ठेवून पुन्हा एकदा वाचली. लिहिणाऱ्याला ते दोन वेगळे विषय वाटले असतील. मला ते एकच वाटतात. सभेत मला दोन मिनिटांच्या वर कोणी बोलू देणार नाही (सेक्रेटरी माझा एकेकाळचा विद्यार्थी असला तरी!), म्हणून जे म्हणायचं आहे ते इथे सविस्तर लिहून ठेवते.

आधी स्वतःची चूक कबूल करते. शिक्षकी पेशात हे जरा जड जातं, पण असो.

लग्न होऊन मी अंबरनाथला चाळीत आले तेव्हा सासूबाईंचा एक नेम होता. सकाळी पहिला चहा व्हायच्या आधी अंगणात मूठभर ज्वारी टाकायची. पोळीचा पहिला तुकडा कावळ्याचा. अंगणात चिमण्या यायच्या, दोन-चार साळुंक्या यायच्या, कधी सातभाईंचा गोंगाट करणारा घोळका यायचा. १९९६ मध्ये आम्ही बदलापूरला चौथ्या मजल्यावर राहायला आलो. अंगण गेलं, बाल्कनी आली, नेम मात्र तोच राहिला. सासूबाई गेल्यावर तो मी चालू ठेवला. त्यांची आठवण म्हणूनही आणि खरं सांगायचं तर थोडं पुण्य पदरात पडावं म्हणूनही.

पहिली काही वर्षं चिमण्या आल्या. मग एक पारवा आला. एकाचे दोन झाले, दोनाचे वीस. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला गच्चीत पान वाढून ठेवलं होतं. आम्ही सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतोय आणि वीस-पंचवीस पारव्यांनी येऊन भाताचा फडशा पाडला! गुरुजी म्हणाले, "पोचलं समजा." सगळे हसले, मीही हसले. त्या वेळीच ओळखायला हवं होतं की पंगतीला आता एकच जात उरली आहे. पण मी महिन्याला पाच किलो ज्वारी आणतच राहिले.

२०२३ च्या पावसाळ्यात ह्यांना खोकला सुरू झाला. साधा म्हणून सोडून दिला. दोन महिन्यांनी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायला लागलं. फोटो झाले, स्कॅन झाला, फुंकर मारायची ती तपासणी झाली. छातीच्या डॉक्टरांनी सगळे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "घरात कबुतरं येतात का हो?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "येतात थोडीफार."

थोडीफार! बाल्कनीत एसीच्या मागे दोन घरटी होती आणि विष्ठेचा थर वीतभर.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतले आणि पिसांतले बारीक कण श्वासातून आत जातात. काही माणसांच्या फुप्फुसांना ते सोसत नाहीत आणि आतून सूज येते. 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' असं भलं मोठं नाव आहे त्या आजाराचं. वेळेवर कारण दूर केलं तर सूज उतरू शकते, फार दिवस गेले तर फुप्फुस कडक होतं आणि ते पुन्हा मऊ होत नाही. ह्यांनी बत्तीस वर्षं कारखान्यात काढली आहेत, तेव्हा सगळं पाप कबुतरांच्याच माथी मारावं का, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. "ते आता मोजता येणार नाही. पण कबुतरं आजपासून बंद," एवढंच म्हणाले. आम्ही जाळी बसवली, तोंडाला फडकं बांधून माणसाकडून बाल्कनी धुऊन घेतली. हे आता जिना चढतात, पण तिसऱ्या मजल्यावर थांबतात. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आलो, हीच आमची प्रगती. ह्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले. बीएला माझा विषय मराठी होता, जीवशास्त्राशी संबंध शाळेपुरता. पण एक गोष्ट कळली आणि सगळा उलगडा झाला. चिमणी दाणे खाते हे खरं, पण तिच्या पिल्लांना दाणे चालत नाहीत. त्यांना पहिले दिवस अळ्या, किडे, नाकतोडे असं मऊ काही लागतं. म्हणजे चिमणीला गवत लागतं, झुडपं लागतात, माती लागते. शिवाय अंगाला धूळ माखून घ्यायला उघडी जमीन लागते आणि घरट्याला भोक किंवा फट लागते. पारव्याला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो, नर आणि मादी दोघांच्याही, आणि पिल्लं त्यावर वाढतात. मूळचा हा कड्याकपारीतला पक्षी. आमची इमारत त्याच्या दृष्टीने कडाच आहे, खिडकीवरचा सज्जा ही कपार. दाणे मी पुरवतेच आहे. मग वर्षभर दोन-दोन अंडी घालायला त्याला अडचण कसली?

म्हणजे मी इतकी वर्षं 'पक्ष्यांना' दाणे घालत नव्हते. एकाच पक्ष्याला घालत होते, आणि ज्यांना दाण्यापेक्षा दुसरं काही हवं होतं ते मुकाट्याने निघून गेले. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये एक मोठा अहवाल निघाला. त्यातही अनेक पक्षी घटत असताना पारवा मात्र चांगलाच वाढल्याचं दिसतं.

आता दादरच्या कबुतरखान्याकडे वळते, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचं सरकारने विधान परिषदेत जाहीर केलं. पालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री ओढून फाडली. मग त्याला उत्तर म्हणून १३ ऑगस्टला मराठी एकीकरण समितीचं आंदोलन झालं. उच्च न्यायालयाने लोकांच्या आरोग्याचा मुद्दा पुढे ठेवला, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये पालिकेने वरळी, लोखंडवाला, ऐरोली-मुलुंड नाका आणि गोराई अशा चार ठिकाणी सकाळी सात ते नऊ दाणे टाकायला तात्पुरती परवानगी दिली.

हे सगळं मी टीव्हीवर बघत होते आणि आत ह्यांचं वाफ घेण्याचं यंत्र घुरघुरत होतं. तुम्हाला वाटेल मी टाळ्या वाजवल्या असतील. नाही वाजवल्या. कारण दोनच दिवसांत तो प्रश्न फुप्फुसांचा राहिला नाही, कबुतरांचा तर नाहीच नाही. कोण जैन, कोण मराठी, कोण कोणाच्या शहरात राहतो, असा तो झाला. जीवदयेने दाणे टाकणाऱ्या बाईला मी शत्रू कशी म्हणू? ती बाई मीच होते! तिची श्रद्धा खोटी नाही. चुकतं ते एवढंच की दयेचा हिशेब ती दाणे टाकताना स्वतःला किती बरं वाटलं यावर करते, पक्ष्याचं आणि शेजाऱ्याचं पुढे काय होतं यावर करत नाही. हे तिला कोणी शांतपणे सांगायचं? भर रस्त्यात घोषणा देणाऱ्यांनी तर नक्कीच नाही. ओरडून समजावलेलं पाचवीच्या मुलालाही समजत नाही, हे मी चौतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

आणि राजकारणी? निवडणुका तोंडावर होत्या. त्यांना जे पडलेलं दिसलं ते त्यांनी टिपलं. पारव्यांना कशाला नावं ठेवायची!

आमच्याकडचंच बघा ना. बदलापूर आणि अंबरनाथ नगरपालिकांची निवडणूक २०१५ च्या एप्रिलमध्ये झाली होती. त्या नगरसेवकांची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली डिसेंबर २०२५ मध्ये. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. उल्हासनगर महापालिकेचंही तेच, २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६. आमच्या नातीने तिच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचून विचारलं, "आजी, आपला नगरसेवक कोण?" मी म्हटलं, "बाळा, सध्या ती जागा रिकामी आहे." अशी उत्तरं द्यायची वेळ शिक्षिकेवर यावी ना! मग निवडणूक लागली तसे सगळे एकदम उतरले. हळदीकुंकू झालं, वाण म्हणून स्टीलचे डबे मिळाले, देवदर्शनाच्या बसगाड्या निघाल्या. निकालानंतर अंबरनाथमध्ये तर भाजप आणि काँग्रेस एकत्र बसल्याची बातमी आली. काँग्रेसने आपल्या बारा नगरसेवकांना निलंबित केलं, तर ते भाजपमध्येच गेले. अंडं कोणाचं, घरटं कोणाचं आणि चोच कोणाची, हे बघायला आता आम्हाला कोकिळेची गरज राहिली नाही.

पण राजकारण्यांना हसणं सोपं आहे. आता माझी दुसरी चूक सांगते.

२०१५ च्या त्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. आमच्या इमारतीभोवती मातीचं मोकळं आवार होतं. पावसाळ्यात चिखल व्हायचा, चपला रुतायच्या, मुलं बरबटून घरी यायची. इमारतीतल्या आम्ही बायकांनी अर्ज केला, 'आवारात पेव्हर ब्लॉक बसवून मिळावेत.' अर्जाचा मसुदा माझा, अक्षर माझं, पहिली सहीही माझी. पंधरा दिवसांत काम झालं. लाल-पिवळे ब्लॉक बसले, भिंतीवर नावाची पाटी लागली, आम्ही पेढे वाटले. 'काम करणारा माणूस' म्हणून मतंही दिली.

त्या आवारात दक्षिणेच्या बाजूला, नळाजवळ, चिमण्यांची धुळीची आंघोळ चालायची. छोटे छोटे वाडगे केल्यासारखे खळगे असायचे तिथे. कुंपणाला घाणेरी आणि रानगवत होतं. ब्लॉक बसवताना तेही साफ केलं, 'स्वच्छ दिसतं' म्हणून. त्यानंतर कधीतरी चिमण्या दिसेनाशा झाल्या. नक्की कधी, ते मला सांगता येत नाही. कारण त्या गेल्या तेव्हा माझं लक्षच नव्हतं. २० मार्चला चिमणी दिन असतो, २०१० पासून पाळतात. मी शाळेत नसले तरी दरवर्षी सोसायटीतल्या मुलांना त्या दिवशी चिऊताईची गोष्ट सांगते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "आजी, मग चिऊचं घर वाहून गेलं नाही ना, तर ती गेली कुठे?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. पायाखाली पेव्हर ब्लॉक होते.

माझी सगळी नोकरी उल्हासनगरच्या शाळांमध्ये झाली. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बरॅकींमध्ये जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते गावाची पायाभरणी होऊन उल्हासनगर हे नाव मिळालं. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे वर्गही जुन्या बरॅकीतच भरायचे. कौलांच्या फटीतून चिमण्यांची ये-जा. माझ्या वर्गात टिळकांच्या तसबिरीमागे एक घरटं दरवर्षी असायचं. कविता रंगात आली की नेमकी पिल्लं ओरडायला लागायची. तसबीर पुसायची तर घरटं पडेल, म्हणून जुलैपर्यंत टिळक धुळीत! एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी धुळीबद्दल विचारलं, तर एक मुलगा उठून म्हणाला, "सर, वर बाळंतीण आहे." साहेब हसले आणि पुढच्या वर्गावर गेले.

शाळेजवळ एक सिंधी धान्यवाले आजोबा होते. पोती उघडी, चिमण्या खुशाल आत-बाहेर. मी एकदा म्हटलं, "दादा, नुकसान होतंय तुमचं." ते म्हणाले, "टीचर, हम भी तो ऐसे ही आए थे." पुढे त्यावर बोलायला मला शब्द सापडले नाहीत.

त्या बरॅकी गेल्या, इमारती आल्या. मग त्या इमारतींतल्या शेकडो बेकायदा ठरल्या, न्यायालयाने पाडायला सांगितल्या आणि उल्हासनगरची अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये खास कायदा झाला. त्या घरांतल्या लोकांना रस्त्यावर काढावं असं मी मुळीच म्हणणार नाही, माझे कितीतरी विद्यार्थी त्यात राहतात. पण माणसाची फटीतली जागा वाचवायला कायदा करता येतो, मग पाखराची फट आपण सिमेंटने लिंपतो तेव्हा कोणाला काहीच कसं वाटत नाही?

वालधुनी नदीचंही असंच झालं. अंबरनाथचं शिवमंदिर हिच्या काठावर १०६० साली उभं राहिलं. आम्ही चाळीत असताना सासूबाई महाशिवरात्रीला सांगायच्या की त्यांच्या तरुणपणी त्या नदीत पाय धुऊन देवळात जायच्या. मी गेले तेव्हाही काठावर खंड्या दिसायचा. पुढे तिच्यात कारखान्यांचं पाणी आलं, जीन्सच्या रंगाचं पाणी आलं. २०१४ च्या अखेरीला कोणीतरी तिच्यात रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. म्हणजे नदीतून जे आधी पक्ष्यांपर्यंत पोचलं होतं ते माणसांपर्यंत पोचलं. खंड्याने आपल्याला आधीच सांगितलं होतं, निघून जाऊन.

तर आता जांभूळ.

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा व्हॉट्सॲपवर आमच्याच इमारतीतल्या लोकांनी अभिमानाने एकमेकांना कळवलं. त्याच इमारतीतले लोक रविवारी जांभूळ तोडायला हात वर करणार आहेत. कारण काय तर फळं गळून गाड्यांवर डाग पडतात आणि सात दुचाकींना जागा होते. मला दुचाकीवाल्यांचं दुःख कळतं. पहाटे पाचची लोकल पकडणारी मुलं आहेत ती, रात्री दहाला परत येतात आणि गाडी लावायला जागा नसते. त्यांना मी 'पर्यावरण' शिकवायला गेले तर ते मनात काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.

म्हणून मी फक्त एवढं सांगणार आहे. गेल्या वर्षभरात त्या एका झाडावर मी खिडकीतून वहीत टिपलेले पक्षी असे आहेत: बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, हळद्या, भारद्वाज, कोकीळ, साळुंकी, पोपट, कावळा, आणि वाळक्या फांदीला भोक पाडून घर करणारा तांबट. अकरा झाले. पारवा त्या झाडावर बसलेला मी एकदाही टिपलेला नाही. तो समोर सज्ज्यावर असतो. झाड तोडलं तर ते अकरा जातील आणि आपल्याकडे सज्जे तेवढे उरतील. मग विषय क्रमांक पाच दरवर्षी सभेत येत राहील. दोन विषय एकच आहेत ते असे.

शिवाय १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नगरपालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ मधल्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणून जास्त संरक्षण आहे. आमचं जांभूळ इमारतीच्या आधीपासूनचं आहे. ज्यांची ही शेती होती त्या आजी अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन वय विचारून आले. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या सावलीला बसून जेवले."

नुसता विरोध करून भागत नाही, म्हणून एक पर्यायही नेते आहे. दक्षिणेकडच्या भिंतीलगत पाण्याच्या जुन्या बंद टाकीची जागा पडून आहे. ती काढली तर पाच गाड्या मावतात, मी टेप लावून मोजलं आहे. उरलेल्या दोघांसाठी माझं नाव लिहा. ह्यांची स्कूटर आता कोणी चालवत नाही, ती विकतो आणि आमची जागा देतो. पाचव्या विषयासाठी म्हणणं असं की, दाणे टाकणं सर्वांनी बंद करावं, सज्ज्यांना जाळ्या लावाव्यात, आणि नळाजवळचे दहा-बारा पेव्हर ब्लॉक उचलून तिथली माती मोकळी करावी. नव्या नगरसेवकांकडे अर्ज करायचा असेल तर मसुदा मी लिहून देते. पेव्हर ब्लॉक बसवण्याचा अर्ज मीच लिहिला होता, काढण्याचाही मीच लिहावा हे बरं.

चिमण्या येतील का? माहीत नाही. येतील असं वचन मी मुलांनाही दिलेलं नाही.

सासूबाईंच्या नेमाचं काय केलं, असं परवा धाकट्या नणंदेने फोनवर विचारलं. ज्वारीचा डबा मी रिकामा केला आहे. सकाळी खाली उतरून जांभळाला बादलीभर पाणी घालते. हे खिडकीतून बघत असतात. परवा वरून म्हणाले, "अगं, तुझं झालं की हाक मार, आज मी खाली येऊन बघतो."

रविवारी सकाळी दहाला सभा आहे. इमारतीतले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी यावं. हात कुठल्याही बाजूने वर करा, पण त्याआधी एकदा मागच्या बाजूला जाऊन झाडाकडे मान वर करून बघा, एवढंच मागणं आहे.